शेवंतीची शपथ, भुतांसकट

आमच्या उमरीच्या ज्ञानोदय वाचनालयात एक नियम आहे आणि तो आजवर कुणाच्या बापाला चुकलेला नाही. पुस्तक परत करायचं तर आधी त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा, खाली नाव टाकायचं, मगच कार्डावर शिक्का. एक ओळ लिहा, अर्धी लिहा, पण लिहा. त्यासाठी आमच्याकडं प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी जादा पानं शिवलेली असतात, आणि खरं सांगते, कित्येक पुस्तकांपेक्षा ती पानंच वाचायला मजा येते. शेळीपालनाच्या पुस्तकामागं एकानं लिहिलंय, "पुस्तक उत्तम. शेळी मेली." आता यावर माणसानं काय बोलावं.

मी धम्मप्रिया सोनकांबळे, या वाचनालयाची ग्रंथपाल. माझे वडील लिंबाजी सोनकांबळे, निवृत्त शिक्षक आणि वाचनालयाचे सचिव. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. शाळेत नोकरी लागायच्या आधी तेच या टेबलामागं बसून शिक्के मारायचे, आणि अभिप्रायाचा नियम तेव्हापासून त्यांनी पोलिसासारखा पाळलाय.

बाबांचा जीव एकाच पुस्तकात. 'शेवंतीची शपथ'. जुनी प्रेमकथा, आता बाजारात कुठं मिळत नाही. जगदीश नावाचा गरीब प्राध्यापक आणि नलिनी नावाची बंगल्यातली मुलगी. दोघं एकमेकांवर मरतात, पण तोंड उघडून सांगत कुणी नाही. शेवटी जगदीश निरोप घ्यायला येतो आणि फाटकात अकरा पानं नुसता उभा राहतो. अकरा. मी मोजलीत. तेवढ्यात तो चार वेळा खोकतो आणि एकदा शेवंतीचं फूल हुंगतो.

या पुस्तकावर आमचं घर उभं आहे, असं बाबा म्हणतात. चौऱ्याऐंशी साली सरजाबाई नावाची एक मुलगी हे पुस्तक परत करायला आली, तिनं मागं एक ओळ लिहिली, आणि त्या ओळीवर बाबांनी लग्न ठरवलं. ती सरजाबाई म्हणजे माझी आई. ओळ काय होती, हे विचारलं की बाबा म्हणतात, "ते आमच्यातलं हाय." ते पान त्यांनी तेव्हाच खळ लावून पुढच्या पानाला चिकटवून टाकलं होतं. दर एप्रिलात आमचा वाचक मेळावा होतो. बाबा त्यात शेवटचं प्रकरण वाचतात, ही गोष्ट सांगतात, बाया डोळ्याला पदर लावतात, आणि आई चहाचं बघायला उठून जाते. लाजते बिचारी, असं आख्खी उमरी समजायची. मीसुद्धा.

आता माझा गुन्हा सांगते.

मागच्या वर्षी मला ताप आला. आठ दिवस घरात, आणि हाताशी तेच पुस्तक. फाटकाची अकरा पानं परत वाचली आणि माझं डोकं सटकलं. अरे बाबा, कामून उभा आहेस? पाय कुणी धरलाय का तुझा? आणि तिथंच सुचलं, की हो, धरलाय. फाटकाजवळच्या पिंपळावर मुंजा आहे आणि त्यानं जगदीशचा पाय धरून ठेवलाय. मग मी थांबलेच नाही. नलिनीची कडक आत्या हडळ निघाली. पाय उलटे असल्यामुळं ती येत असली की लोकांना वाटतं चालली, आणि सगळे तिच्यासमोरच तिची निंदा करतात. बंगल्यावर स्वयंपाकाला जखीण, बागेला पाणी द्यायला खवीस, एक आख्खं प्रकरण वेताळाचं, आणि नलिनीच्या लग्नाच्या दिवशी जगदीश का पोचला नाही, तर चकव्यानं त्याला भोकरच्या शिवारात चार तास गोल फिरवला. मूळ वाक्यं मी होती तशीच ठेवली. फक्त मधूनमधून भुतं घातली.

लातूरला माझी मैत्रीण शिल्पा असते. तिचा बायकांचा वाचनाचा ग्रुप आहे, पन्नास-साठ जणी. तिला मी एकेक प्रकरण फोनवर पाठवायला लागले आणि तिनं ते ग्रुपवर टाकलं. पुढं जे झालं त्याला मी जबाबदार नाही. एकीनं लिहिलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा गाळ झाला. एकीनं लिहिलं, "आमच्या नणंदेचे पाय तपासून पाहिले. सुलटे निघाले. तरी खात्री न्हाई." एक निवृत्त बाई होत्या, त्यांनी मोठा निबंधच धाडला, की ही अभिजात साहित्याची विटंबना आहे, आजच्या पिढीला कशाचंच पावित्र्य उरलेलं नाही, आणि पुढचा भाग कधी येणार. मी पंख्याखाली पडून एकटीच हसायची आणि आईला वाटायचं ताप डोक्यात गेला.

मग शिल्पाच्या सासूला पण वाचायचं झालं आणि तिला फोनवरचं दिसत नव्हतं. म्हणून मी नांदेडला जाऊन कागदावर छापून घेतलं, दोनशे बारा पानं. वरच्या पानावर फक्त 'शेवंतीची शपथ' एवढंच. माझं नाव घातलं नाही. माझी छातीच झाली नाही. बाबांच्या लाडक्या पुस्तकात मी भुतं सोडली होती, आणि बाबा म्हणजे बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. गावात कुणाच्या अंगात आलं की पहिले तिथं पोचून दवाखान्यात चला म्हणणारा. पुस्तकाचा अपमान एक आणि भुताखेताचा प्रचार दोन. दोन्ही त्यांच्या पोटच्या पोरीकडून.

आमचा बाइंडर महादेवप्पा देगलूरचा. दर मार्चात येतो, वाचनालयाच्या ओट्यावर चार दिवस बसतो, फाटलेली पुस्तकं शिवून जातो. मूळचा बिदरकडचा. मराठी बोलतो, पण वाचतो फक्त कन्नड. पुस्तकाचं नाव तो वाचत नाही, वळणं जुळवतो. आतल्या पानावर आणि जुन्या कव्हरावर एकसारखी वळणं दिसली की झालं काम. तीस वर्षांत एक चूक नाही. मी माझा गठ्ठा गुपचूप त्याच्या ढिगात ठेवला, म्हणलं सकाळी समजावून सांगीन. आणि सकाळी मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला नांदेडला बोलावलं.

परत आले तर महादेवप्पा गेलेला, पुस्तकं कपाटात, आणि टेबलामागं बाबा लई खुशीत.

"धम्मू, आपली शेवंतीची शपथ बघायची होतीस. नवी नवरी दिसून राहिली होती. विठाबाई आल्या, त्यांनी लगेच उचलली."

"आणि बाबा, एक कागदाचा गठ्ठा होता इथं."

"गठ्ठा कसला? मला न्हाई दिसला."

मागच्या खोलीत जाऊन मी महादेवप्पाला फोन लावला.

"शरणु, अक्का," तो म्हणाला.

"अप्पा, माझी नवीन पानं कुठायत? वर शेवंतीची शपथ लिहिलेली?"

"ते बांधून दिलो की. जुना पान समदा सडून गेला होता, हात लावलो की भुगा. तुम्ही नवीन छापून आणला, लई बरं केला."

"आणि जुनी पानं?"

"ते एकावर एक चिकटवून पुठ्ठे केलो. शेळीच्या पुस्तकाला, ज्वारीच्या पुस्तकाला, आणि ते हृदयरोगाचा हाय त्याला. भक्कम झाले."

म्हणजे जगदीश हृदयरोगाच्या पुठ्ठ्यात गेला होता. तिथंच त्याची जागा होती म्हणा.

"अप्पा, मागची अभिप्रायाची पानं तरी?"

"ते कसं टाकीन अक्का? गुरुजी पहिल्या दिवशीच सांगितलेत, पुस्तक गेला तर जाऊ दे, मागचा पान जाऊ नये. समदे जोडलो. एक पान चिकटून बसला होता, आत लिहिलेला दिसला. ओला फडका ठेवून अल्लाद सोडवलो."

मी खुर्चीत बसले. मूळ पुस्तक पुठ्ठ्यांत, माझी भुतं त्याच्या कव्हरात, त्यामागं चाळीस वर्षांचे रडके अभिप्राय, आणि बाबांनी जन्मभर झाकून ठेवलेलं पान उघडं. आणि हे सगळं विठाबाईच्या घरी. मी चपला घातल्या.

विठाबाई म्हणजे सत्तरीची बाई. शेत पोरांवर सोडलं आणि आठवड्याला एक पुस्तक संपवते. तिच्या ओसरीवर पापडाचा बेत चालला होता. सात-आठ बाया गोल करून लाटत बसलेल्या, आणि विठाबाई बाजेवर, नाकावर चष्मा, हातात माझं पुस्तक, मोठ्यानं वाचून दाखवत होती. आणि त्या बायांत माझी आई.

"'आत्याबाई चालल्या एकदाच्या, असं म्हणून नलिनीच्या वडिलांनी सुस्कारा सोडला,'" विठाबाई वाचत होती. "'कसली खवट बाई, ते म्हणाले. आणि आत्याबाई जवळजवळ येत होत्या.'"

ओसरी हसून लोळली. माझी आई, जी आमच्या घरात तोंडाला पदर लावून हसते, ती लाटणं बाजूला ठेवून भिंतीला टेकून हसत होती. तिच्या हातच्या पापडाचा पार नकाशा झाला होता. मी पुस्तक हिसकायला आले होते, पण ते हसू बघून माझे हातच उठेनात. माझं लिहिणं मी पहिल्यांदा माणसांच्या तोंडून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला तिथंच नाचावंसं वाटलं.

"बस की धम्मे," विठाबाई म्हणाली. "एवढी वर्षं हे रडकं पुस्तक म्हणून मी हात लावला न्हाई. सांगायचं तर खरं, आत हडळ हाय म्हणून."

घरी येताना आई अजून हसत होती. एकदम रस्त्यातच थांबली.

"आगं, ह्यात एवढी मजा होती तर मी तिसाव्या पानावर कामून सोडलं गं?"

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या लक्षात आलं काय निसटलं ते, आणि तिनं पदर तोंडाशी नेला.

"आई, तू शेवंतीची शपथ वाचलेलंच न्हाईस?"

ती चौकातल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मग सगळं निघालं. पुस्तक तिच्या भावजयीनं मागवलेलं. भावजय माहेरी गेली, परत करायला हिला धाडलं. हिनं तीस पानं चाळली, झोप आली, सोडून दिलं. वाचनालयात आली तर टेबलामागं एक किडकिडीत पोरगा शिक्का उगारून उभा. अभिप्राय लिहिल्याशिवाय पुस्तक जमा होत न्हाई म्हणे.

"मला काय सुचंना. वर कुणीतरी लिहिलं होतं, त्याची ओळ बघून बघून उतरवली, नाव टाकलं आणि पळाले. काय उतरवलं तेबी आता आठवत न्हाई. आठ-दहा दिवसांनी तोच पोरगा त्याच्या मामाला घेऊन आमच्या दारात."

"मग तू सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? तो माणूस त्या एका ओळीवर चाळीस वर्षं जीव टाकून राहिलाय. आख्ख्या गावाला सांगत फिरतो. आणि ती ओळ माझी न्हाईच गं. दर मेळाव्याला मी चहाच्या नावानं उठते, ते काय लाजून?"

मग मी माझं सांगितलं. भुतं माझी. पहिलं ऐकून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "तू लिहिलंस? ती हडळ तुझी?" असं तिनं तीन वेळा विचारलं. दुसरं सांगितलं, की चिकटवलेलं पान सुटलंय, तेव्हा ती उठूनच उभी राहिली. वरची ओळ आणि खालची ओळ, दोन्ही आता एकाखाली एक दिसणार होत्या; तेव्हा वरची बाबांनी वाचली नसणार, असंच आई धरून होती. मेळावा रविवारी. बाबा पुस्तक उघडणार आणि त्यांना कळणार, की ज्या ओळीवर संसार केला ती दुसऱ्याची उतरवलेली होती.

"त्याच्याआधी ते पान चिकटव," आई म्हणाली. "तुझ्या भुतांचं मग बघू."

घरी जाऊन तिनं पहिली खळ शिजवली.

पण पुस्तक हाताला लागेल तर ना. दुसऱ्या दिवशी विठाबाईकडं गेले तर तिनं ते परस्पर भोकर रस्त्याच्या श्रीमंतला दिलेलं. नियम धाब्यावर. वर मलाच डोळा मारून म्हणाली, "तुझ्या मायनं मागच्या पानावर लिहिलेलं वाचलं बरं का मी. लई दिवसांनी पोट धरून हसले." काय लिहिलंय म्हणून विचारलं तर सांगेना. रविवारी कळंल म्हणाली.

श्रीमंत शेतकरी माणूस, दोन दिवसांनी फोन उचलला तो मोटारीच्या आवाजातच. "ताई, खवीस बेस हाय. बागंला पाणी देतो, लाईट मागत न्हाई, पगार मागत न्हाई. असा एखादा बघून ठेवा आमच्यासाठी." पुस्तक? ते त्यानं कालच उमाशंकर सरांना पोचवलं होतं.

उमाशंकर सर म्हणजे कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी न वाचलेलं पुस्तक अजून छापायचंय, असं ते स्वतःच सांगतात. मी फोनवर म्हणलं, सर, तेवढं पुस्तक पाठवून द्या, बाइंडिंगमध्ये घोळ झालाय.

"घोळ? मला तर कुठं दिसला नाही," सर म्हणाले. "विद्यार्थिदशेत मी ही कादंबरी चार वेळा वाचली. वेताळाचं प्रकरण तेव्हाही अंगावर आलं होतं, आजही आलं. तो वेताळ म्हणजे त्या काळची सरंजामशाही, हे तुम्हा तरुणांना कळत नाही. रविवारी मी त्यावर बोलणारच आहे. पुस्तक मीच घेऊन येईन."

फोन ठेवून मी हसता हसता टेबलाखाली बसले. मग आईच्या खळीची आठवण झाली आणि हसू आटलं.

रविवारी दुपारी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आरशापुढं उभे होते. मी म्हणलं, बाबा, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, मेळाव्यानंतर. मी म्हणलं, मेळाव्याच्या आधीचंच आहे ते. ते म्हणाले, "धम्मू, माणसं येऊन राहिलीत, सतरंज्या बघ." असं माझं कबुलीजबाब देणं राहून गेलं.

पाच वाजता हॉल गच्च भरला. एरवी चाळीस माणसं येतात, आज दीडशे. धर्माबादवरून पण कुणी कुणी आलेले. लातूरवरून शिल्पा सासूला घेऊन आलेली. पुस्तक ह्या घरून त्या घरी जाऊन आल्याचा तो परिणाम. बाबांना वाटलं वाचनाची गोडी वाढली, आणि त्यांचं तरी काय चुकलं. उमाशंकर सरांनी पुस्तक सरळ त्यांच्या हातात ठेवलं. आई माझ्या शेजारी, पदराखाली खळीची वाटी. काय उपयोग होता तिचा, देव जाणे, पण घेऊन आली होती.

बाबांनी बुद्धाला, बाबासाहेबांना हार घातला. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट सांगितली. आई चहासाठी उठली, मी तिचा हात धरून खाली बसवली. मग बाबांनी शेवटचं प्रकरण उघडलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आता गंमत अशी, की बाबा ते प्रकरण वाचत नाहीतच. त्यांना ते पाठ आहे. पुस्तक नुसतं हातात असतं.

"'संध्याकाळ झाली होती. जगदीश फाटकात उभा राहिला. त्याचा पाय पुढे पडेना.'"

"मुंजानं धरला होता," मागून कुणीतरी म्हणालं.

बाबा डोळे मिटूनच थांबले. मग पुढं निघाले. "'त्याच्या मनात आले, हाक मारावी. पण ओठ हलले नाहीत.'"

"गुरुजी, मुंजा राहिला," विठाबाई म्हणाली. "शेंडी पिंपळात अडकली म्हणतो तो, ते राहिलं."

"आणि खवीस," श्रीमंत म्हणाला. "पाण्याची झारी घेऊन येतो तो. तुम्ही सोडला."

"मित्रहो, संक्षेप चालू असावा," उमाशंकर सर म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. चष्मा लावला. हातातल्या पानाकडं बघितलं. पान उलटलं, परत मागं उलटलं. आईची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

मग बाबा वाचायला लागले. खरंच वाचायला. पहिल्यांदा सावकाश, शाळेत वाचतात तसं. "'पाय सोड, जगदीश म्हणाला. तू हाक मार, मग सोडतो, मुंजा म्हणाला. अकरा पानं झाली, मला पण झाडावर कामं आहेत.'" इथं त्यांचा आवाज हलला. हडळीपाशी आले तोवर त्यांना थांबून थांबून चष्मा पुसावा लागत होता. "'जगदीशने अखेर नलिनी अशी हाक मारली. नलिनी आतून म्हणाली, अहो, एवढंच होतं तर पत्र टाकायचं.'" हॉलमध्ये हसण्याचा नुसता दणका उडाला. शिल्पाच्या सासूला ठसका लागला.

प्रकरण संपलं. बाबांनी पुस्तक मिटलं नाही. मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"'मला पण झाडावर कामं आहेत,'" ते म्हणाले. "ही बोलण्याची तऱ्हा मी रोज घरात ऐकतो. धम्मू, उठ."

मी उठले. सगळं सांगितलं. ताप, भुतं, गठ्ठा, महादेवप्पा, पुठ्ठे. "मूळ पुस्तक गेलं, बाबा. चूक माझी. तुमचं पुस्तक होतं ते."

बाबा मागची पानं उलटायला लागले. आमच्या मेळाव्यात नवे अभिप्राय मोठ्यानं वाचायचे असतात, म्हणून ते वाचले. "नलिनीपेक्षा हडळ बरी. तिला काय पाहिजे ते तिला ठाऊक आहे. विठाबाई." "खवीस कुठे मिळेल कळवावे. श्रीमंत." "पाचव्या वाचनातही तितकीच ताजी. उमाशंकर." शेवटचा वाचल्यावर सर खिडकीबाहेर कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघायला लागले.

मग बाबा आणखी मागं गेले आणि एका पानावर त्यांचा हात थांबला. ते पान.

आई उभी राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती या हॉलमध्ये चहा सोडून दुसऱ्या कशासाठी उभी राहिली.

"अहो, ती ओळ माझी न्हाई," ती म्हणाली. "मी ते पुस्तक वाचलंच न्हाई. तीस पानं चाळली फक्त. वर कुणाचं तरी लिहिलेलं होतं, ते बघून उतरवलं. तुम्ही समोर शिक्का घेऊन उभे, मी भ्याले. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. आता सांगून राहिले."

तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला तिच्याकडं बघवेना. बाबांनी ते पान सगळ्यांकडं धरलं, आणि मग वाचलं. आधी वरचा अभिप्राय. शिवलिंग अप्पा म्हणून एक म्हातारे होते, कधीच वारले, त्यांचा.

"'वाचून इतका रडलो की धोतराचा सोगा भिजला. शिवलिंग.'"

आणि त्याखालचा, गोल गोल मुलीच्या अक्षरातला.

"'वाचून इतका रडलो की धोतराचा सोगा भिजला. कुमारी सरजाबाई.'"

हॉल फुटला. विठाबाई सतरंजीवर आडवी झाली. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि खळीची वाटी खाली पडून गडगडत पार उमाशंकर सरांच्या पायाशी गेली.

बाबा हसणं ओसरायची वाट बघत थांबले. मग फक्त आईशी बोलल्यासारखं बोलले, पण ऐकू सगळ्यांना आलं.

"सरजा, तुझ्याकडं धोतर कुठलं असणार? मला त्याच दिवशी कळलं. तू दरवाज्यातून बाहेर पडलीस न् मी वाचलं. आठ दिवस हसून राहिलो होतो. शिक्का मारताना हसायचो, जेवताना हसायचो. मामा म्हणाले, पोराला काय झालं. मग ते पान चिकटवलं, कारण गाव तुला हसलं असतं. मला एकट्यालाच हसायचं होतं. आणि नवव्या दिवशी तुझ्या बापाकडं आलो."

"मग ते पुस्तक?" आई म्हणाली. "दरवर्षी वाचता ते?"

"ते पुस्तक मला कधी पटलंच न्हाई. अकरा पानं कोण उभं राहतं? त्याच्या मागं तुझी ओळ होती, म्हणून मी ते सांभाळलं."

आई खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. मीही तेच करून राहिले होते. आता उगंच कशाला लपवा.

मेळावा संपल्यावर बाबा पुस्तक घेऊन टेबलापाशी आले. मी शिक्का उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून खाली ठेवला.

"अभिप्राय लिहिल्याशिवाय जमा होत न्हाई," ते म्हणाले.

खिशातलं पेन काढून त्यांनी आईच्या ओळीखाली बराच वेळ सावकाश लिहिलं, सही केली आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलं. माझे बाबा जन्मात कधी धोतर नेसलेले नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, "वाचून इतका हसलो की धोतराचा सोगा भिजला. लिंबाजी." आणि त्याखाली, बारीक अक्षरात, "भुते नसतात. तरी लिहीत राहावे."

मी शिक्का मारला.